सतराव्या यंत्राचा वाटा

एकदा एका महाविद्यालयाची मुले महासंगणक शिकण्यासाठी दूरच्या एका केंद्रात गेली. पुढे मोठी स्पर्धा होती. शिकवणारे गृहस्थ वृद्ध होते. त्यांचे आयुष्य याच कामात गेले होते. यादी वाचून त्यांनी विचारले, "नावं पाच, आणि मुलं चारच?"

"रेवणला वगळलं, सर," संघाची प्रमुख असलेली मुलगी म्हणाली. "सरावाला उशिरा यायचा. दिलेलं काम तीन-तीन दिवस अडकवून ठेवायचा."

"आणि बसल्या जागी झोपायचा," दुसरा हसत म्हणाला. "आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो."

वृद्धांनी यादी बाजूला ठेवली आणि शिकवायला सुरुवात केली.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य यंत्र नव्हे. अनेक संगणक एकाच कामाचे वाटे करून घेतात, आणि दर टप्प्याला सगळ्यांचे होईपर्यंत थांबतात. मुलांना पावसाचा अंदाज काढायचा होता. त्यांनी नकाशाचे चोवीस सारखे चौकोन पाडून चोवीस यंत्रांना दिले. पण दर वेळी तेवीस यंत्रे मोकळी होत आणि सतराव्याची वाट पाहत बसत.

"सर, सतरावं यंत्र बिघडलंय. काढून टाकू या," मुलगी म्हणाली.

"सगळ्यांत वेगवान कोणतं?"

"चौथं."

वृद्धांनी सतराव्याचा चौकोन चौथ्याला दिला आणि चौथ्याचा सतराव्याला. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. चांगल्या यंत्राच्या वाट्याची अदलाबदल कशासाठी, हे कुणालाच कळेना. काम पुन्हा सुरू झाले. आता सतरावे यंत्र सर्वांच्या आधी मोकळे झाले आणि चौथे मागे पडले.

"चौथ्याच्या वाट्याला समुद्र आला होता," वृद्ध म्हणाले. "सपाट, मोकळा. सतराव्याच्या वाट्याला घाट. तिथं कोसाकोसावर चढ, दरी, वेगळा वारा, वेगळा पाऊस. चौकोन सारखे, म्हणून ओझंही सारखं, असं तुम्ही धरून चाललात. मागं पडणाऱ्याला वगळण्याआधी त्याच्या वाट्याला काय आलंय, ते बघावं."

मुलगी पडद्यासमोरून उठली. मग बाहेर जाऊन तिने रेवणला फोन लावला.

"रेवण, तुझ्या घरी काय चाललंय?"

"वडिलांना अर्धांगवायू झालाय. गणपतीपासून. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आईला एकटीला ते उचलवत नाहीत."

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही हसायचात. मग राहूनच गेलं."

"मी नाव परत घालते. तू ये."

"सोमवारीच कॉलेज सोडल्याचा दाखला काढला गं. संघात होतो तोवर आई म्हणायची, काहीही होवो, शीक. संघातून नाव काढलं म्हटल्यावर तिनंही कॉलेज सोडू नको म्हटलं नाही." मग त्यानेच विचारले, "तुमचं नीट चाललंय ना तिथं?"

"हो," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला.

आत येऊन तिने वृद्धांना सगळे सांगितले. त्यांनी तिचे सांत्वन केले नाही. शेजारची खुर्ची पुढे सरकवली आणि इतकेच म्हणाले, "यंत्राचा वाटा आज बदलता आला, कारण यंत्र निघून जात नाही."

सोबतचे कुणी मागे पडू लागले, तर त्याच्या घरचे विचारावे. आणि तो सोबत आहे तोवर विचारावे.