बेडकीचा खडा

मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा घरात नळ नव्हते. वाडीत एक हापसा होता. खटॅक खटॅक, भळ भळ. सगळी वाडी तिथे जमायची. फार मजा यायची.

हापशापाशी एक डबकं. डबक्यात एक बेडकी. एवढीशी, बोराएवढी.

एकदा ठरलं, हापशाला नवा कट्टा बांधायचा. वाडीची रीत होती. आधी सगळ्यांना विचारायचं. ज्याला जिथे जागा हवी, त्यानं तिथे खडा ठेवायचा. धुणं धुवायला एक खडा. गप्पा मारायला एक खडा. मग खड्यांच्या कडेनं पांढरी रेघ. रेघेच्या आत कट्टा.

बेडकी फिरून आली. बघते तर काय, डबकं बुजवलेलं.

बेडकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली गवंडीदादाकडे.

"बेडकी बेडकी, काय झालं?"

"माझं डबकं गेलं. गवंडीदादा, थोडी जागा सोड ना."

"रेघ वळली तर सोडीन. नाहीतर नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली रेघेकडे.

"बेडकी बेडकी, काय झालं?"

"माझं डबकं गेलं. गवंडी जागा सोडेना. रेघताई, जराशी वळ ना."

"खडा सरकला तर वळीन. नाहीतर नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली खड्याकडे. खडा बसला होता घागरीखाली.

"बेडकी बेडकी, काय झालं?"

"माझं डबकं गेलं. गवंडी जागा सोडेना. रेघ वळेना. खडेदादा, जरासा सरक ना."

"घागर उठली तर सरकीन. नाहीतर नाही."

घागर तर ढिम्म. "माझ्या मालकिणीनं, हिराक्कानं उचललं तर उठीन. नाहीतर नाही."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकी दमली. गेली हिराक्काकडे.

"बेडकी बेडकी, काय झालं?"

"माझं डबकं गेलं. गवंडी जागा सोडेना. रेघ वळेना. खडा सरकेना. घागर उठेना. हिराक्का, आता मी राहू कुठे?"

"अगं, पण तुझा खडा कुठाय?"

"मला कुणी विचारलंच नाही."

हिराक्का खालीच बसली. तिला फार वाईट वाटलं.

"मी नवी नवरी होऊन आले, तेव्हा इथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. पाणी भरताना रडू यायचं. तूच तेवढी बोलायचीस माझ्याशी. डराँव, डराँव. आणि मीच तुला विसरले गं."

हिराक्का उठली. तिनं घागर उचलली. घागर उठली, खडा सरकला. खडा सरकला, रेघ वळली. रेघ वळली, गवंड्यानं जागा सोडली. तिथं हिराक्कानं एक चिमुकला खडा ठेवला.

"हा आमच्या बेडकीचा," ती म्हणाली.

खटॅक खटॅक, भळ भळ. पाणी सांडलं. पुन्हा डबकं साचलं. बेडकीनं उडी मारली. डुबुक.

आता घरोघरी नळ आलेत. हापशावर कुणी जात नाही. मला मात्र त्याची आठवण येते. पण वाडीत काही नवं बांधायचं झालं, की अजून सगळे खडे ठेवतात. सगळ्यांचे झाले, की एक चिमुकला खडा जास्तीचा ठेवतात.

तो कुणाचा? सांग बघू.

डराँव.