चाकाखालचा ठिपक्या

ही गोष्ट सांगायची नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. जीपवाल्या बाबलकाकांना तर नाहीच नाही. पण तू लहान आहेस. तू काही काकांना सांगणार नाहीस. ये, जवळ ये. हळूच सांगते.

एक होती उंदरीण. तिचं नाव इटुकली. तिला एकच पिल्लू. पिल्लाच्या पाठीवर पांढरा ठिपका. म्हणून त्याचं नाव ठिपक्या.

माझे बाबा गाड्यांचे मिस्त्री. बाबांच्या अंगणात इटुकलीचं बीळ. बिळाजवळ बाबलकाकांची जुनी जीप. डोंगर चढणारी, चिखलाने माखलेली.

एका सकाळी इटुकली दाणे आणायला गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. परत आली, तर दार नाही. दारावर जीपचं चाक.

आतून आवाज आला. चीं चीं चीं चीं.

“चाकदादा, चाकदादा, बाजूला हो ना. ठिपक्या येईना.”

चाक म्हणालं, “पुढे खडक. मागे विहीर. वळलो तर निघेन. पण स्टिअरिंग फिरल्याशिवाय मी नाही वळणार.”

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. स्टिअरिंगपाशी गेली. बाबलकाका दोन्ही हातांनी ते ओढत होते. कर्रर्र, कर्रर्र.

“काल एका बोटाने फिरत होतं,” काका म्हणाले. “आज नुसता दगड झालाय.”

इटुकली म्हणाली,
“स्टिअरिंगदादा, स्टिअरिंगदादा, फिर ना.
चाक वळेना,
ठिपक्या येईना.”

स्टिअरिंग म्हणालं, “मी फार जड. पंपाने ढकलल्याशिवाय मी नाही फिरणार.”

बिळातून आवाज आला. चीं चीं चीं.

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बॉनेटखाली पंपापाशी गेली. शेजारी पट्टा गरागरा फिरत होता. इटुकलीने शेपूट पोटाशी धरली. पंप रडत होता. घूंऽऽ, घूंऽऽ.

“पंपदादा, पंपदादा, ढकल ना.
स्टिअरिंग फिरेना,
चाक वळेना,
ठिपक्या येईना.”

पंप म्हणाला, “माझ्या पोटात नुसती हवा. तेल आल्याशिवाय मी नाही ढकलणार.”

बिळातून आवाज आला. चीं चीं.

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डब्यातल्या तेलापाशी गेली.

“तेलदादा, तेलदादा, आत जा ना.
पंप ढकलेना,
स्टिअरिंग फिरेना,
चाक वळेना,
ठिपक्या येईना.”

तेल म्हणालं, “आत गेलो की मी खाली सांडतो. नळीने धरल्याशिवाय मी नाही जाणार.”

बिळातून आवाज आला. चीं.

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. काळ्या नळीपाशी गेली. नळीला एक भोक. भोकातून तेल गळत होतं. टुपुक, टुपुक.

“नळीताई, नळीताई, तेल धर ना.
तेल जाईना,
पंप ढकलेना,
स्टिअरिंग फिरेना,
चाक वळेना,
ठिपक्या येईना.”

नळी म्हणाली, “मिस्त्रींनी मला नीट केल्याशिवाय मी नाही धरणार. आणि इटुकले, भोक कुणी पाडलं?”

नळीच्या रबरात मऊ मऊ दोरा असतो. ठिपक्याला अंथरूण हवं होतं. म्हणून तिनेच नळी कुरतडली होती. कुरुम, कुरुम. ठिपक्या त्याच दोऱ्यावर निजला होता.

इटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिस्त्रींपाशी गेली. बाबा जीपखाली पाठीवर पडले होते.

“मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, नळी नीट करा ना.
नळी धरेना,
तेल जाईना,
पंप ढकलेना,
स्टिअरिंग फिरेना,
चाक वळेना,
ठिपक्या येईना.”

बाबा स्वतःशीच पुटपुटले, “सगळीकडे तेल. सगळीकडे चिखल. भोक दिसल्याशिवाय मी काय नीट करणार?”

बाबलकाका वरून म्हणाले, “उंदरांचं काम असणार, मिस्त्री. दिसू दे एकदा. पान्याने ठेचतो.”

इटुकलीने ते ऐकलं. मग तिने बिळाकडे कान लावला.

बिळातून आवाज आलाच नाही.

इटुकली पळून गेली नाही. ती वर चढली. नळीवर गेली. भोकावर जाऊन बसली. तिचं पोट तेलाने भिजलं. ती ओरडली. चीं.

बाबांनी बॅटरीचा उजेड तिकडे वळवला. त्यांना भोक दिसलं. भोकाभोवती दातांच्या खुणा दिसल्या. इटुकली दिसली. बाबांच्या हातात पाना होता.

“काय मिस्त्री?” काकांनी विचारलं. “उंदीरच ना?”

बाबांनी पाना खाली ठेवला.

“नळी जुनी हो,” ते म्हणाले. “रबर कुजलंय.”

“तरी आज विष ठेवतो.”

“माझ्या अंगणात नको. इथे पोरं खेळतात.”

बाबांनी नळीचा कुरतडलेला तुकडा कापला. उरलेली नळी ओढून बसवली. क्लिप आवळली.

मग नळीने तेल धरलं.
तेल पंपात गेलं.
पंपाने ढकललं.

“डावीकडे फिरवा,” बाबा म्हणाले. “आता उजवीकडे. हवा निघू दे सगळी.”

स्टिअरिंग फिरलं.
चाक वळलं.
जीप खडकाच्या बाजूने निघून गेली.

पण ठिपक्या येईना.

दार मातीने बुजलं होतं. इटुकलीने माती उकरली. खर खर, खर खर. ती आत शिरली. ठिपक्याला मानेला धरून बाहेर आणलं. त्याचे डोळे मिटलेले. अंगावर धूळ. पांढरा ठिपकाही दिसेना. इटुकलीने त्याला चाटलं. पाठ चाटली. तोंड चाटलं. पुन्हा पाठ चाटली.

ठिपका दिसू लागला.

आणि मग, अगदी बारीक, चीं.

बाबांनी ते ऐकलं. नळीचा कापलेला तुकडा त्यांनी बिळाजवळ ठेवला आणि हात पुसत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुकडा तिथे नव्हता.

आता इटुकली बॉनेटखाली कधीच जात नाही. पण ठिपक्याला दात आलेत. काल जीप परत आली, तेव्हा मी त्याला बघितलं. तो जीपच्या चाकावर चढला, त्याने इकडे तिकडे बघितलं, आणि मग हळूच त्या नव्या क्लिपच्या—

“अगं, कुणाशी कुजबुजतेस?” बाबांनी हाक मारली. “बाबलकाका आलेत. पाणी आण.”