ठुमलीचा रुसलेला कमठा

एकदा काय झालं, डोंगरात एक बाई राहायची. ठुमली तिचं नाव. तिच्यासारखी तिरंदाज अख्ख्या मुलखात नव्हती. आणि त्या मुलखाला होता एक राजा. कसला राजा, नुसता हट्टी. शकू, पांघरूण ओढू नकोस. मला त्या राजाचा राग आधीच आलाय, त्यात तू भर घालू नकोस.

तर हा राजा शिकारीला आला. रानडुक्कर दिसलं. राजानं बाण सोडला, तो लागला सागाच्या झाडाला. ठुमलीनं सोडला, तो लागला डुकराला. लोक हसले. झालं. राजानं दवंडी पिटली, आजपासून डोंगरातल्या कुणी कमठा हातात धरायचा नाही. कमठा म्हणजे तिकडचं बांबूचं धनुष्य, बरं का.

ठुमली घरी आली ती धुमसतच. बाण मारून झाले की कमठ्याची दोरी उतरवून ठेवायची, अशी डोंगरातली रीत. बांबूला विसावा नको का? पण त्या दिवशी रागाच्या भरात तिनं कमठा तसाच, ताणलेला, खुंटीला अडकवला. मग त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. वर्षं गेली. केस पिकले. सून आली, सुनेला बाळ झालं.

मग कुठूनशी एक घार आली. म्हशीएवढी, लोखंडी चोचीची. ती बसली गावच्या झऱ्यावर. पाण्याला जाईल त्याच्यावर झडप घालायची. हंडे कोरडे पडले. सुनेच्या घशाला कोरड, तिला दूध येईना, बाळ रडून रडून निपचित पडलं. राजाकडे निरोप गेला, तर राजा म्हणाला, "मला शिकार करून दाखवत होतात ना? आता बसा."

ठुमलीचं डोकं फिरलं. "त्याचा हुकूम गेला चुलीत," ती म्हणाली आणि तिनं कमठा खाली घेतला.

अंगणात पहिला बाण लावला, तो पायाशीच पडला. दुसरा शेणाच्या ढिगात घुसला. तिसरा तर सुटलाच नाही. मग कमठा बोलला. हो, बोलला. मध्ये तोंड घालू नका.

"राग तुला राजाचा आला," कमठा म्हणाला. "मग शिक्षा मला का? तू रोज रात्री पाठ टेकलीस. मी इतकी वर्षं वाकलेलाच."

ठुमली आणखी चिडली, कारण तो खरं बोलत होता. "चुकले मी," ती कशीबशी म्हणाली. "पण बाळानं तुझं काय केलंय?"

मग तिनं कमठ्याची दोरी उतरवली. त्याला मंद आचेवर शेकलं, तेल चोळलं आणि बाळाशेजारी गोधडीवर आडवा ठेवला. शेजारणी ओरडल्या, "अगं, लेकरू चाललंय आणि तू बांबूला तेल लावत बसलीस?" ठुमलीनं अशी काही नजर टाकली की सगळ्या दारातूनच परतल्या. उन्हं कलली तेव्हा कमठा म्हणाला, "चढव दोरी."

ठुमली झऱ्यावर गेली. बोटांचे घट्टे कधीच गेले होते, दोरीनं कातडी सोलली. घार अंगावर आली. ठुमलीनं नेम धरला डोळ्यावर, बाण लागला शेपटीला. इतक्या वर्षांनी दुसरं काय होणार? पण कमठ्याचा जोरच असा की शेपूट तुटून पडलं. घार किंचाळत उडाली, ती थेट राजाच्या तळ्यावर जाऊन बसली. इकडे सून पोटभर पाणी प्यायली, बाळाला दूध मिळालं.

मग काय, राजा स्वतः डोंगर चढून आला. ओठ फुटलेले. "ठुमलीबाई, आधी पाणी द्या," तो म्हणाला.

"आधी दवंडी," ठुमली म्हणाली. "बंदी उठवल्याची. आणि तुम्हीच द्यायची, महाराज, पाड्यापाड्यावर, मोठ्यानं."

त्या कोरड्या घशानं राजा प्रत्येक पाड्यावर ओरडत फिरला. शेवटी नुसती हवाच बाहेर येत होती. मग ठुमलीनं त्याला तांब्याभर पाणी दिलं, आणि तळ्यावर जाऊन घारीचा डोळा फोडला. घार पुन्हा दिसली नाही. डोंगरातले लोक सुखात राहिले, राजाही राहिला.

ठुमलीचा राग गेला का? नाही गेला. सगळेच राग जायला हवेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? मिटा डोळे, आणि झोपा गुमान.