परक्या हातचा घास

"...पण मी गेल्यावर हा कुणाच्या हातचं खाणार, शाहबाबा?"

शाहबाबा गोधडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं निघालात?"

"वर."

सुई जरा थांबली. मग पुन्हा चालू लागली.

विचारणारे होते नरहर वैद्य. हाताला गुण आहे म्हणून लांबलांबचे लोक गाड्या जुंपून ज्यांच्याकडे येत, तेच. अंगात ताप मुरला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. त्यांनी स्वतःची नाडी स्वतःच धरून पाहिली होती आणि जे कळायचं ते कळलं होतं. मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं नव्हतं. आज मात्र छकड्यात पिंजरा घालून ते गावाबाहेर या म्हाताऱ्या फकिराच्या तकियावर, त्याच्या राहत्या जागी, आले होते. याच्या खांद्यावर रानातली पाखरं येऊन बसतात, असं सगळा गाव सांगे.

पिंजऱ्यात राघोबा होता. पोपटच तो, पण घरात त्याचा मान थोरल्या मुलापेक्षा मोठा. आता त्याच्या छातीचं हाड वर आलं होतं आणि पिसं विस्कटली होती.

"मी तापात पडून होतो," वैद्य म्हणाले. "हा उपाशी राहिला. सुनेनं पेरू दिला, डाळ भिजवून दिली. शेवटी माझा सदरा अंगात घालून पाहिलं बिचारीनं. बोट फोडलं तिचं."

"वाटीत ठेवायचं."

"वाटी ठाऊकच नाही त्याला. पिल्लू असल्यापासून मी बोटांनी भरवलाय. भिंत धरून उठलो, तेव्हा कुठं चार दाणे खाल्ले."

"मग सोडून द्या."

"जन्मात उडाला नाही तो, बाबा. मांजरांना आयता घास व्हायचा."

शाहबाबांनी दोरा दातांनी तोडला.

"पाखरू एकाच हाताचं जन्माला येत नाही, वैद्यबुवा."

हा विषय मात्र वैद्यांच्या आवडीचा होता. घरी पाहुणा आला की ही हकीकत रंगवून सांगायची त्यांची जुनी सवय. आजही, अंगात धड उभं राहायचं त्राण नसताना, आवाजाला तोच तोरा आला.

"मी शिकवलंय त्याला. सून नवी होती. तिच्या हातची डाळ हा मिटक्या मारत खायचा आणि माझ्याकडे पाठ. मग मी काय करायचो... तिचा हात आत गेला की खलातला बत्ता सळयांवर आपटायचो. मुलाचा हात गेला, आपटला. शेजाऱ्याचा गेला, आपटला. पुढं बत्त्याचं कामच उरलं नाही. भलेभले यायचे पेरू घेऊन, आणि बोटाला चिंधी बांधून परत जायचे."

ही हकीकत संपली की घरी हशा पिकत असे. इथं कोणी हसलं नाही.

शाहबाबा उठले. पिंजऱ्यापाशी आले, खाली बसले. वैद्यांच्या पिशवीतलं डाळिंब त्यांनी फोडलं, दाणे तळहातावर घेतले आणि हात सावकाश आत घातला.

राघोबानं हाताकडे पाहिलं. दाण्यांकडे पाहिलं. भूक तर डोळ्यांत दिसत होती. तो दांडीवरून जरा पुढं सरकला...

तळहात हलला नाही.

राघोबा मागं सरला. त्यानं पाठ फिरवली आणि सळईला डोकं टेकून बसला.

शाहबाबांचा हात आतच होता. पण ते पोपटाकडे बघत नव्हते. वैद्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हसलात, वैद्यबुवा."

"मी?"

"हात लावून बघा."

वैद्यांचा हात ओठांकडे गेला. हसू अजून तिथंच होतं. चोरासारखं, ओठांच्या एका कोपऱ्यात.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. कारण आता त्यांना सगळंच आठवलं. तापात असताना सून दारात येऊन रडवेली म्हणाली होती, मामंजी, तो काही केल्या खात नाही. त्या वेळी आपल्या जिवाला कसं बरं वाटलं होतं. औषधानं वाटलं नव्हतं तितकं. राघोबा उपाशी किती दिवस तग धरेल, याचा हिशेब त्यांनी तेव्हा केलाच नव्हता. अंगावरचं पांघरूण ओढून ते गाढ झोपले होते.

"याला औषध?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. वैद्य तुम्ही."

"...मला माहीत नाही."

"पिंजरा इथं ठेवा. घरी जा. परत येऊ नका."

"म्हणजे खाईल?"

"कदाचित."

"आणि नाही खाल्लं तर?"

शाहबाबांनी हात बाहेर काढला. दाणे एकेक करून पिंजऱ्याच्या तळाशी टाकले.

वैद्यांनी डाळिंबाची उरलेली फोड उचलली. "एवढं भरवून जातो. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या."

"भरलेल्या पोटी तो माझ्याकडे कशाला बघेल?"

फोड हातातच राहिली. रस मनगटावरून खाली ओघळला. राघोबानं तो ओळखीचा हात पाहिला आणि चोच उघडली. मग हाक मारली. "तात्या." घरात वैद्यांना मारत तशीच हाक.

वैद्यांनी फोड खाली ठेवली. काठी शोधायला त्यांना वेळ लागला. ती पायाशीच पडली होती.

"तात्या... तात्या..."

ते चालत राहिले. एरवी मेलेल्या माणसाच्या घरून निघतानाही त्यांचे पाय कधी अडखळले नव्हते, आज दर पावलाला अडखळत होते. कुंपणाशी छकडा उभा होता. तिथं एक हात चाकावर ठेवून ते थांबले, आणि मागं वळायचं नाही असं ठरवूनही वळले.

"शाहबाबा, एक निरोप तरी पाठवाल? काय झालं तेवढं कळू दे. मग मी सुखानं डोळे मिटीन."

शाहबाबांनी गोधडी पुन्हा मांडीवर घेतली होती.

"पाठवीन," ते म्हणाले. "फक्त कोणत्या निरोपानं सुखानं मिटाल, ते सांगून जा."