वालाच्या वेलीचे पहारेकरी

झाडांना अजून गप्पा मारायला सवड होती, तेव्हाची गोष्ट. परसातली वालाची वेल नुकतीच मांडवावर चढली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. तिच्या शेंड्यावर मावा पडला. ते बारीक हिरवे किडे रस पिऊ लागले आणि कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या.

पाठोपाठ मुंग्या आल्या. "वहिनी, आता निर्धास्त राहा," त्यांची मुकादमीण म्हणाली. "आमचा पहारा आहे."

पहारा होता खरा. मावा खायला लाल पाठीचा ढालकिडा आला, की मुंग्या त्याला चावून हाकलायच्या. मग माव्याच्या पाठी थोपटून त्यातून गळणारे गोड थेंब प्यायच्या. वेलीनं बघितलं, की म्हणायच्या, "पाहुण्यांची विचारपूस करतोय हो."

एका सकाळी घरधनिणीनं बुंध्याभोवती आणि मांडवाच्या खांबांभोवती चुलीतली राख पसरली. थेंब घेऊन वारुळात गेलेल्या मुंग्यांना परत चढता येईना. वर जायला एकच वाट उरली, कुंपणाला टेकलेली वेलीची कोवळी फांदी.

"वहिनी, ती फांदी तेवढी तशीच राहू द्या," मुकादमीण खालून म्हणाली. "आम्ही नसलो तर तुमच्याकडे कोण बघणार?"

वाऱ्याची झुळूक आली. वेलीनं फांदी हळूच उचलली आणि मांडवाला गुंडाळून घेतली. वर ढालकिडा न्याहारीला बसलाही होता.

"बघेन माझं मी," वेल म्हणाली. "तुम्ही फार दमलात. टेका जरा."