वाऱ्याच्या कड्यावरची गाठ

एका राज्यात एक कडा होता. त्याचे नाव वाऱ्याचा कडा. खाली खोल दरी, दरीत नदी, नदीकाठी मऊ वाळू. त्या राज्यातली तरणी माणसे वेताचे नि रेशमाचे पंख छातीशी बांधून कड्यावरून झेप घेत आणि तरंगत तरंगत वाळूवर उतरत. कशासाठी, असे विचाराल तर त्यांनाही सांगता येत नसे. उतरल्यावर त्यांचे चेहरे मात्र पाहण्यासारखे असत.

कधी कोणी पडे, मरे. राज्य रडे, आणि मग पुन्हा कोणी पंख बांधी. पण तिथे एक रीत होती, आणि ती कडक होती. पंखांची छातीवरची गाठ स्वतःची स्वतः बांधायची नाही. आपल्यावर जीव असणाऱ्या माणसाने ती बांधायची. त्याला गाठकरी म्हणत. गाठकऱ्याला वाटले तर तो म्हणे, "आज नाही." एवढेच. झेप घेणाऱ्याने कारण विचारायचे नाही, निमूट खाली बसायचे. दुसऱ्या दिवशी मात्र तोच शब्द उच्चारायचा तर कारण द्यावे लागे. वारा फिरला, शिवण उसवली, अंगात कणकण आहे, ही झाली कारणे. 'मला भीती वाटते' हे कारण धरले जात नसे.

तिथला राजा सुकेतू. राणी कधीच वारलेली. युवराज अरिंजय थोरला, राजकन्या इंदुला धाकटी. अरिंजयाच्या पहिल्या झेपेला देशोदेशीचे राजे आले. मांडव पडले, नौबती झडल्या. सुकेतू लेकाची गाठ बांधू लागला आणि त्याच्या ध्यानात आले की वारा फिरला आहे. शब्द ओठांवर आला. पण समोर पाहुणे! राजाचा पुत्र पंख बांधून निमूट खाली बसला, तर चारचौघांत काय शोभा राहील? सुकेतूने शब्द गिळला आणि गाठ बांधली. अरिंजय हसला, पाया पडला, गेला. वाळूपर्यंत तो पोचला नाही.

राजा धाय मोकलून रडला असता तर बरे झाले असते. तो रडला नाही. त्याने कड्याला दोषी ठरवले. कड्यावर भिंत घातली, पहारे बसवले, राज्यातले सगळे पंख तळघरात कोंडले. तरी माणसे जातच. आता ती चोरून जात, एकएकटी, फाटक्या चादरींचे पंख करून, आणि पूर्वीपेक्षा जास्त मरत. राजा हट्टाला पेटला. त्याने मांत्रिक कर्दमाला बोलावले.

"माझ्या राज्यात कोणी कुठूनही पडू नये," राजा म्हणाला.

"पडणे काढून घेतले तर उडणेही जाईल, महाराज."

"जाऊ दे."

कर्दमाने मूठभर राख फुंकली आणि तो आला तसा निघून गेला.

त्या दिवसापासून कोणी पडले नाही. पिकलेले फळही पडेना, देठावरच कुजू लागले. पाखरे पायी चालू लागली. झोके हलेनात. बापांनी तान्ह्या मुलांना वर उडवायला जावे, तर मूल हातातून सुटेना. राजा मात्र समाधानात होता. वर्षे लोटली, इंदुला उपवर झाली, आणि एके सकाळी तिने पाऊल टाकले तशी फरशी फुटली. तिची पावले दगडाची झाली होती. दगड घोट्यांवरून गुडघ्यांवर चढला. वैद्यांनी हात टेकले. काळजाशी पोचला की संपले, हे कोणी बोलून दाखवले नाही, पण सुकेतूला ते कळत होते. तेव्हा कुठे त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

एक म्हातारी घार दरबारात चालत आली. चालून चालून तिचे पंजे सोलवटले होते.

"तीन कामे आहेत, राजा," घार म्हणाली. "लेकाचे पंख तळघरातून स्वतःच्या हातांनी वर आण. ते ठकूबाईच्या दारी नेऊन शिवून घे, आणि ती काय बोलेल त्याला उत्तर देऊ नकोस. मग तेच पंख लेकीला चढव आणि गाठ बांध."

"ती पडली तर?"

"पडेलही. ते मला ठाऊक नाही."

राजा तळघरात उतरला. कर्दमाच्या राखेच्या शापाने पंख एवढे जड झाले होते की हत्तींनाही ओढवले नसते. रेशीम फाटले होते, वेत मोडले होते, पण त्याने बांधलेली गाठ तशीच होती. राजा तिच्यापाशी बसला. मग तो मोठ्याने म्हणाला, "बाळा, मला माहीत होते. वारा फिरला होता." पंख हलके झाले. त्याने ते उचलून छातीशी धरले आणि इतक्या वर्षांचे रडणे तिथे रडून घेतले.

ठकूबाई गावाबाहेर राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा चोरून गेलेल्यांपैकी. राजाला पाहून ती उठली नाही. तिने पंख ओढून घेतले आणि सुई ओवली.

"माझ्या रायबानं गाठ स्वतःच बांधली, महाराज," ती म्हणाली. "छातीवरची गाठ आपली आपल्याला नीट घट्ट होत नाही. मी बांधली असती. नाहीतर 'आज नाही' म्हटलं असतं. पण तुमच्या पहाऱ्याच्या धाकानं तो मला काही बोललाच नाही. माझ्याच घरात, माझ्यापासून लपून पंख शिवत होता हो!"

'कोणाचे लेकरू जाऊ नये म्हणूनच तर मी भिंत घातली,' हे राजाच्या जिभेवर आले. त्याने ते गिळले. एक शब्द त्याने नको तेव्हा गिळला होता. हा गिळणे योग्यच होते. ठकूबाईने दोरा दातांनी तोडला आणि पंख त्याच्या हाती दिले.

इंदुलेला पालखीतून कड्यावर आणले. दगड कमरेपर्यंत आला होता.

"तात, भिऊ नका," ती म्हणाली. "मला जायचे आहे. शाप नसता तरी जायचे होते. दादा गेला त्या दिवसापासून."

राजाने वारा पाहिला. वारा सरळ होता. शिवण पाहिली. पक्की होती. त्याने दोर हातात घेतले आणि म्हणाला, "आज नाही."

इंदुलेने कारण विचारले नाही.

"वारा तर सरळ आहे," पालखीमागून चालत आलेली घार हळूच म्हणाली.

"होय. मला आजचा दिवस तिच्याकडे पाहायचे आहे."

दिवसभर बापलेक कड्यावर बसून राहिली. त्याने तिला लहानपणीसारखे भरवले, केस विंचरले. दुसऱ्या सकाळी दगड बरगड्यांना लागला होता. वारा सरळ, शिवण पक्की. राजाने कारण शोधशोध शोधले. त्याच्यापाशी भीतीखेरीज काही नव्हते, आणि ती तर कारण धरायची नव्हती. त्याने गाठ बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि बाजूला झाला.

भोयांनी भिंतीचे दार उघडून पालखी कडेला टेकवली. इंदुला पुढे झुकली आणि गेली. कित्येक वर्षांत त्या राज्यात प्रथमच काही पडले. ती दगडासारखी खाली खाली जात होती. राजाने डोळे मिटले नाहीत. मग पंखांत वारा भरला. तिच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा सुटून नदीत पडला. रानोमाळ पिकली फळे टपटप गळाली, आणि म्हातारी घार उडून गेली. इंदुला वाळूवर उतरली, आपल्या दोन पायांवर.

राजाने भिंत पाडली, पण रीत पहिल्यासारखीच कडक ठेवली: गाठकऱ्यावाचून कोणी झेप घ्यायची नाही. तरीही कधी कोणी पडे, आणि राज्य रडे. ज्यांना कोणी नाही त्यांची गाठ बांधायला सुकेतू स्वतः रोज कड्यावर बसू लागला. इंदुलेने राज्य सांभाळले.

एके दिवशी परमुलखातला एक तरुण आला, मित्रांचा मेळा घेऊन. वयाने अरिंजयाएवढा, तसाच हसरा. मित्र टाळ्या पिटत होते. सुकेतूने दोर हातात घेतले. वारा फिरला होता.

"आज नाही," तो म्हणाला.

तरुण निमूट खाली बसला. म्हातारा राजा त्याच्याशेजारी बसला आणि त्याचा हात हातात घेऊन रडू लागला. तरुणाला काही कळले नाही, पण त्याने हात सोडवून घेतला नाही. त्या राज्यातला वारा अजून फिरतो, आणि कड्यावर कोणी तरी गाठकरी बसलेला असतो.