वाफेतले फोटो

"मग कोणता घेऊ, बाई?"

बाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. सोलत राहिल्या.

"हा चौथा कॅमेरा आहे," महांतेश म्हणाला. "हाही विकून टाकीन म्हणतो."

गडहिंग्लजला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत नेसरीकर बाईंचं दोन खोल्यांचं घर. बाई एकोणऐंशीच्या. तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि शाळा सुटली की गळ्यात कॅमेरा अडकवून तालुकाभर हिंडल्या. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांत गेलेल्या माणसांचे जे फोटो भिंतीवर आहेत, ते बाईंनी काढलेले. माणसं अजून सांगतात, फोटोतला आजा आता बोलेल असं वाटतं.

महांतेश शिंत्रे त्यांचाच विद्यार्थी. सातवीत बाईंनी त्याला पितळी वाटी रंगवायला लावली होती, आठवडाभर तीच वाटी. आता तो पुण्यात मोठ्या कंपनीत होता. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना तो हसायचा. त्याला रोलचाच कॅमेरा लागे, आणि तोही लिहिणारे-वाचणारे लोक वाखाणतात तो.

त्याचा गुडघा एकसारखा हलत होता.

"काढायचंय काय?" बाईंनी विचारलं.

"आमच्या अप्पांचं गुऱ्हाळ. हा शेवटचा हंगाम. कंटाळा आला म्हणतात. नऊ दिवसांनी चुलवाण विझणार, ते कायमचंच."

"मग?"

"तीन रोल झाले, बाई. पुण्याहून धुऊन आले. तिन्ही वाया. काहिलीतल्या उकळत्या रसाची वाफ पांढरीशुभ्र असते. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं, उजेडच उजेड आहे. तो उजेड कमी करायला सांगतो, आणि अप्पा काळे येतात. कोळशासारखे."

त्यानं पिशवीतून फाईल काढली. चाळीस पानं. ज्यांनी ज्यांनी हा कॅमेरा वापरला त्यांचे अनुभव, इंटरनेटवरून काढून छापलेले. कॅमेरा मधल्या दर्जाचा. नवशिक्याचा नव्हे, पोटापाण्याचा धंदा करणाऱ्याचाही नव्हे.

"वाच," बाई म्हणाल्या.

"एक जण लिहितो, शटर फार वाजतं. देवळात फोटो काढायची सोय नाही."

"पुढचा?"

"आवाज इतका हलका, की फोटो निघाला का नाही ते कळत नाही."

"पुढचा."

"जड आहे. मान दुखते." पान उलटलं. "हा म्हणतो, हलका आहे. खेळण्यासारखा."

बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. वर्गात मूल धडा वाचतं तेव्हा ऐकावं तशा.

"आणि या एकानं सहा वर्षं वापरून विकला. वर्षभरानं तसाच दुसरा शोधून पुन्हा विकत घेतला."

बाईंचा हात थांबला.

"का?"

"ते लिहिलेलं नाही."

"सहा वर्षं काढलं काय त्यानं?"

महांतेशनं ते पान वाचलं. मागचं वाचलं. मग पुढची पाच-सात पानं भराभरा चाळली...

"तेही नाही."

"कुणीच लिहिलेलं नाही?"

"कॅमेऱ्याबद्दल लिहिलंय, बाई. फोटोंबद्दल कशाला लिहितील?"

बाईंनी सुपातली टरफलं बाजूला लोटली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात त्यांचा कॅमेरा होता. कडा झिजून आतलं पितळ दिसत होतं.

महांतेशनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला. मग आपल्या पिशवीतला काढून शेजारी ठेवला.

दोन्ही एकच. तीच कंपनी, तेच मॉडेल.

"तुमचा मीटर खरं सांगतो?"

"छे. वाफेत तोही खोटंच बोलतो."

"मग तुम्ही..."

"पण रोज एकच खोटं बोलतो. अशा माणसाबरोबर संसार होतो."

महांतेशला हे उत्तर वाटलं नाही. नऊ दिवसांतला एक दिवस असा पावटे सोलण्यात चालला होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी ते पाहिलं.

त्यांनी त्याचा कॅमेरा उचलला. "यात रोल आहे?"

"चौथा. काल सकाळी आणि आज सकाळी काढलेत. संपत आलाय."

बाईंनी बोट मागच्या झाकणाच्या खटक्यावर ठेवलं. झाकण उघडलं की ऊन आत जाणार, आणि काढलेलं सगळं पांढरं होणार. खटका अर्धा उचलला गेला.

महांतेशनं त्यांचं मनगट धरलं. ज्या हातानं त्याला कुंचला धरायला शिकवलं, तो हात. पण सोडला नाही.

"काय जाईल?" बाईंनी विचारलं.

"बाई, दोन दिवसांची मेहनत आहे."

"काय जाईल, ते सांग. मग उघडत नाही."

त्यानं खिशातली छोटी वही काढली. प्रत्येक फोटोची नोंद होती. "पहिला. छिद्र आठवर, सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात. दुसरा, साडेपाचवर..."

"ते वहीत आहे. ते कुठं जाणार? पहिल्या फोटोत तुझे अप्पा, बसाप्पा, काय करत होते?"

"काहिलीजवळ उभे होते."

"हातात काय होतं?"

"...फावडं असेल. ढवळत असतील."

"असेल? कोणत्या हातात?"

महांतेशनं डोळे मिटले. त्याला मीटरचा काटा दिसला. चौकटीची डावी कड दिसली, तिथं एक खांब आडवा येत होता. अप्पा दिसले नाहीत.

"रोल धुतला की दिसेलच की," तो म्हणाला. आवाज चढला होता.

"मग तुलाही तुझे वडील तेव्हाच दिसायचे."

बाईंनी खटका खाली दाबला आणि कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला.

तो उठला. पाया न पडता निघाला. फाईल तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी महांतेश गुऱ्हाळावर गेला तो हात हलवत. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला. त्याला फक्त एक गोष्ट बघायची होती: अप्पा कोणत्या हातात फावडं धरतात. ती बघायची आणि बाईंच्या तोंडावर नेऊन टाकायची.

गुऱ्हाळ नदीपलीकडं. छपराखाली चुलवाण, चुलवाणावर मोठी काहील, काहिलीत उकळणारा रस. चुलवाणात उसाचं वाळलेलं पाचट सारायला दुंडाप्पा, अप्पांबरोबर तीस वर्षं असलेला गडी. आणि वाफेत अप्पा.

उजव्या हातात. आलं उत्तर. आता जायला हरकत नव्हती.

पण दुपारपर्यंत करायचं काय? रिकाम्या हातांनी तो खांबाला टेकला. बोटं सारखी चाळवत होती, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा चाचपत होती, तो नव्हता. त्यानं मोबाइल काढला, ठेवला. परत काढला. मग नाइलाजानं बघत राहिला.

अप्पांनी पाण्याच्या तांब्यासाठी हात पुढं केला. हात तांब्याच्या वीतभर डावीकडं गेला. दुंडाप्पानं काही न बोलता तांब्या सरकवला. हाताखाली आला.

थोड्या वेळानं झारा. तसंच. हात हवेत, आणि दुंडाप्पाची हालचाल, मुकाट.

तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा महांतेश खांबापासून सुटला.

रस दाट होत आला होता. अप्पा काहिलीवर वाकले. आजवर त्याला वाटायचं, ते रंग बघायला वाकतात. त्यांनी मान तिरकी केली. कान खाली. बुडबुडे फुटत होते, आधी भराभर, मग थांबून थांबून, जड. अप्पांनी नाकानं वाफ ओढली. चिमूटभर पाक पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळली, दाबली.

"उतरा," ते म्हणाले.

एकदाही त्यांनी काहिलीत पाहिलं नव्हतं.

गडी काहील ओतायला धावले. महांतेश चालत पुढं आला. अप्पांच्या समोर, चार हातांवर उभा राहिला. काही बोलला नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला.

अप्पांचा चेहरा त्याच्याकडंच होता.

"दुंडा," अप्पा म्हणाले, "आमचं पोरगं गेलं काय रं पुण्याला? आज खटखट ऐकू आली न्हाई."

दुंडाप्पानं महांतेशकडं पाहिलं, आणि मान खाली घालून पाचट गोळा करू लागला.

"अप्पा, मी हितंच आहे."

अप्पांची मान आवाजाकडं वळली. थोडी जास्तच वळली.

"किती दिवस झालं?" महांतेशनं विचारलं.

"कशाला?"

"अप्पा."

अप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. सावकाश, गळ्यापर्यंत.

"दोन हंगाम. आधी कडंकडंनं गेलं. मग मधलं."

"सांगितलं का न्हाई तुम्ही?"

"आता काय सांगायचं." अप्पा कट्ट्यावर टेकले. "तू सुट्टी काढून आलास. रोज समोर हुबा ऱ्हाऊन टक लावून बघत हुतास. म्हटलं, दिसलंच असंल."

महांतेश त्यांच्याशेजारी बसला. गुळाचा वास इतका दाट होता की श्वास अडत होता. त्याला उठून कुठंतरी जावंसं वाटत होतं, डॉक्टरकडं, पुण्याला, कुठंही. तो उठला, छपराबाहेर गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

"बस की एका जागी," अप्पा म्हणाले. "तुझ्या पायांच्या आवाजानं मला काहील ऐकू येत न्हाई."

त्याच आठवड्यात त्यानं त्यांना कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलेला, डाव्यात उजेड-अंधार कळण्यापुरती तिरीप. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. दोन वर्षं आधी आला असता तर.

परतीच्या गाडीत अप्पा शांत झोपले. महांतेशनं मनात दोन वर्षं मोजली. दोन वर्षांत तो सात वेळा गावी आला होता. चारही कॅमेऱ्यांतून त्यानं अप्पांना पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ठरवलं होतं, की दोष काचेत आहे.

चुलवाण विझायच्या दिवशी तो कॅमेरा घेऊन गेला. मीटरचं ऐकलं नाही. तो रोज एकच खोटं बोलतो या बाईंच्या हिशोबानं, वाफ आहे तर काट्यापेक्षा जास्त उजेड द्यायचा, एवढंच धरलं. सकाळपासून बसून राहिला. संध्याकाळपर्यंत अकरा फोटो काढले. शेवटची काहील उतरली तेव्हा अप्पांनी विझत्या चुलवाणाला पाणी शिंपडून हात जोडले. हा फोटो त्यानं काढला नाही. त्या वेळी तो त्यांच्या शेजारी हात जोडून उभा होता.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा गल्ली उतरून बाईंकडं आला. पाया पडला. पाकीट पुढं ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला. एकेक फोटो उजेडाकडं धरून पाहिला.

तिरकी मान. वाफेला लावलेला कान. हवेत थांबलेला हात, आणि त्याच्याकडं सरकणारा तांब्या. चेहरे उजळ आले होते. अप्पांच्या कपाळावरची प्रत्येक आठी मोजता येत होती.

बाई खूप वेळ बघत होत्या. महांतेश वाट बघत होता. गुडघा हलायला लागला, त्यानं तो हातानं धरला.

"चांगले आलेत," तो शेवटी स्वतःच म्हणाला. "मला कळतं, चांगले आलेत."

"हो."

"पण कुणाला दाखवू, बाई? ज्यांचे आहेत, त्यांना दिसणार नाहीत. घरात आणले तेव्हा त्यांनी हातात घेतले. बोट फिरवलं. म्हणाले, कागद गुळगुळीत आहे. आणि परत दिले... रात्रभर पडून राहिलो. वाटतं, आता काढलं काय आणि नाही काढलं काय."

बाईंनी अकराही फोटो नीट जुळवून पाकिटात घातले.

"बसाप्पांनी तुझा फोटो कधी काढलाय?"

"अप्पांनी? नाही. त्यांनी जन्मात कॅमेरा धरलेला नाही."

"मग कॅमेरा त्यांच्या हातात दे. आणि समोर बसून बोलत राहा."

महांतेश त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नसावं. बाई थकल्यात.

"बाई," तो हळू म्हणाला, "त्यांना दिसत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

"तू दिसशील."